रेसिंगची ३६ फुटी शिडाची बोट विकायची आहे, सामान भरपूर आहे. जाहिरातीत काय लिहू, काय गाळू?

उत्तरवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

बोट विकायचं ठरलं आहे. बरेच दिवस घोळत होतं, आता पक्कं झालं. क्रू पांगला. दोघांची पाठ आता साथ देत नाही, एकजण दुसऱ्या बंदराला गेला. ३६ फुटी बोट शर्यतीत नीट पळवायची तर सात-आठ माणसं लागतात आणि दर आठवड्याला तेवढी जमत नाहीत. मी स्वतः दोघांत चालणाऱ्या लहान बोटीकडे वळणार आहे. पण ही बोट धक्क्याला नुसती बांधून ठेवणं मला सहन होणार नाही. ती शर्यतीतच राहावी अशी फार इच्छा आहे.

बोट अशी आहे : फायबरग्लासची स्लूप, डेकमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा, शिशाची फिन कील (तळाखालचं वजनदार पातं), अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी, रॉड रिगिंग (डोलकाठी धरायला तारांऐवजी सळया), सेलड्राइव्हवालं (पंख्याचा पाय तळातून सरळ खाली जाणारं) डिझेल इंजिन. मेन (मुख्य शीड) दोन, एक कार्बनचं आणि एक जुनं पॉलिएस्टरचं. जेनोआ आणि जिब (पुढची शिडं) मिळून सात. स्पिनेकर (वारा मागून असताना लावायची फुगीर शिडं) पाच, सगळे सिमेट्रिक, आणि त्यांचे दोन पोल (दांडे). वारा, वेग, खोली दाखवणारी उपकरणं, डोलकाठीवर मोठे डिस्प्ले, एआयएस (बोटीची ओळख आणि जागा प्रसारित करणारं यंत्र), व्हीएचएफ रेडिओ, आठ जणांचा लाइफराफ्ट, ईपर्ब (संकटात उपग्रहाला इशारा देणारं यंत्र). आयआरसी (वेगवेगळ्या बोटींना शर्यतीसाठी रेटिंग देणारी पद्धत) प्रमाणपत्र दरवर्षी काढलेलं आहे. माझ्याआधीच्या मालकाच्या काळात कील एकदा वाळूला लागली होती. तेव्हाच्या दुरुस्तीची कागदपत्रं माझ्याकडे आहेत.

विचारायचंय ते असं. सगळं सामान बोटीसोबत एकाच किमतीत द्यावं, की शिडं आणि उपकरणं सुटी विकावीत? सर्व्हे (तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी) मी आधी करून घ्यावा का? आणि जाहिरातीत नेमकं काय लिहावं? इंटरनेटवर ज्या जाहिराती दिसतात त्यात ‘उत्तम स्थिती, भरपूर सामान, रेसिंगसाठी तयार’ एवढंच असतं. त्यातून मला स्वतःला काही कळत नाही, तर घेणाऱ्याला काय कळणार.

शिवणटाका

शिडं शिवणं हा माझा धंदा, त्यामुळे शिडांपुरतं बोलतो.

‘शिडं चौदा’ असं लिहू नका. घेणारा जाणकार असेल तर आकडा मोठा दिसताच त्याला शंका येते, कारण रेसिंग बोटीवर चौदा शिडं म्हणजे बहुधा चार चालणारी आणि दहा साठलेली. प्रत्येक शिडाची वेगळी ओळ करा. कापड कोणतं, कोणत्या वर्षी शिवलं, किती हंगाम शर्यतीत वापरलं, दुरुस्ती कुठे झाली, गुंडाळून ठेवलं की घडी घालून. लॅमिनेट शीड घडी घालून ठेवलं असेल तर घडीच्या रेषेवर धागे तुटलेले असतात. ते लपत नाही. उजेडासमोर धरलं की दिसतं.

कापडानुसार म्हातारपण वेगवेगळ्या तऱ्हेने येतं, हे घेणाऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे. अ‍ॅरामिड, म्हणजे केव्हलर वगैरे पिवळे धागे, उन्हाने आणि फडफडीने मरतात. शीड दिसायला ठीक असतं आणि एका झुळकीत लीचपासून (मागच्या कडेपासून) फाटतं. कार्बनला उन्हाचं फारसं भय नाही, पण वारंवार दुमडलं की तोही तुटतो. पॉलिएस्टर विणकरी कापड फाटत नाही, ते ताणलं जातं. पोट मागे सरकतं, शीड खोल होतं आणि मग वाऱ्याच्या जवळ जाता येत नाही. लॅमिनेटमध्ये फिल्म सुटायला लागली की पांढुरके फुगे दिसतात. हे सगळं शीड खाली पसरून नाही कळत, चढवून कळतं.

म्हणून फोटो असे काढा. आठ-दहा नॉट वारा असताना बीटिंगला (वाऱ्याच्या दिशेने तिरपं जाताना), बूमच्या (मेनखालच्या आडव्या दांड्याच्या) मध्याखाली झोपून सरळ वर. शिडाचं पोट दाखवणाऱ्या रंगीत ड्राफ्ट-पट्ट्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत. जिबचाही तसाच, फुटच्या (खालच्या कडेच्या) मध्यावरून. हा एक फोटो पाहून मी शिडाचं उरलेलं आयुष्य बऱ्यापैकी सांगू शकतो. घेणाऱ्याने तो त्याच्या शिडवाल्याला दाखवला की तोही सांगेल. पिशवीत भरलेल्या शिडांचे फोटो कुणाच्याच कामाचे नाहीत.

स्पिनेकर नायलॉनचे असणार. अर्धा औंस, पाऊण औंस, दीड औंस, हे प्रत्येकाचं लिहा. कोपऱ्यात दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. जुनं नायलॉन कागदासारखं फाटतं.

उत्तरवारा

शिवणटाका, फार उपयोगी. फोटोचं या आठवड्यातच करतो. एक सांगा, सातातली तीन जेनोआ खरंच जुनी आहेत, शर्यतीत वापरत नाही. ती यादीत ठेवू की काढू?

शिवणटाका

ठेवा, पण ‘सरावासाठी’ असा वेगळा गट करा आणि त्यांची किंमत शून्य धरा. नव्या मालकाचा क्रू शिकाऊ असेल तर पहिलं वर्ष त्याला तीच लागतील. चांगलं जिब शिकण्यात कुणी फाडू नये. स्पिनेकरचंही तसंच. आयआरसीत तीनपेक्षा जास्त स्पिनेकर शर्यतीत बोटीवर ठेवले की रेटिंग वाढतं. म्हणजे तुमच्या पाचातले शर्यतीचे तीन कोणते हे तुम्हीच सांगा. उरलेले दोन राखीव.

दोरखंड

रिगिंगबद्दल. तुमची रॉड आहे म्हणता. शेवटची कधी उतरवून तपासली? रॉडचं दुखणं मधे नसतं, टोकाला असतं. थंड दाबून जो गोळा बनवतात तिथे बारीक चिरा पडतात, त्या डोळ्याला दिसत नाहीत. डोलकाठी उतरवून रंगद्रव्याची चाचणी केली की दिसतात. वायरवाल्यांसाठीही सांगतो, १×१९ (एकोणीस सुतांच्या) वायरचं एखादं सूत स्वेजच्या (टोकाला दाबून बसवलेल्या नळीच्या) तोंडाशी तुटलेलं असेल तर ती वायर गेली असं समजायचं. खालच्या स्वेजमध्ये पाणी मुरतं, गंज तिथून सुरू होतो.

बऱ्याच विमा कंपन्या दहा-बारा वर्षांनंतर उभं रिगिंग बदललेलं किंवा तपासलेलं मागतात. घेणाऱ्याला विमा नाही मिळाला तर कर्ज मिळत नाही आणि बहुतेक बंदरांत जागाही मिळत नाही. व्यवहार तिथेच अडतो. तेव्हा तारीख आणि बिल शोधून ठेवा.

विकण्याआधी नवं रिगिंग टाकू नका मात्र. घातलेला पैसा किमतीत परत येत नाही. शिवाय घेणाऱ्याला स्वतःच्या रिगरकडून करून घ्यायचं असतं. ‘रिगिंग अमुक वर्षाचं, तपासणी अमुक तारखेची, बदलायला आलेलं आहे, किंमत ते धरून ठेवली आहे’ असं सरळ लिहा. चालत्या दोऱ्यांचं उलट. उन्हाने केसाळ झालेली हॅलिअर्ड (शीड चढवायच्या दोऱ्या) आणि शीट (शीड ओढून धरायच्या दोऱ्या) बदलून टाका. खर्च कमी आहे आणि बोटीवर पाऊल ठेवणारा माणूस पहिला हात दोरीलाच लावतो. विंच (दोरी ओढायची चक्री) उघडून जुनं ग्रीस पुसून नवं लावा. फिरवल्यावर पॉलचा (आतल्या अडकणीचा) टकटक आवाज दोन्हीकडून सारखा आला पाहिजे.

तळपाहणी

सर्व्हेअर म्हणून माझा मुद्दा एकच, कील. धागाकर्त्याने वाळूचा उल्लेख आपणहून केला हे फार चांगलं केलं. जाहिरातीतही तो करा.

आपटल्यावर काय होतं ते समजून घ्या. फिन कीलचं टोक खाली अडतं, बोटीचा वेग पुढे ढकलतो, आणि कील एखाद्या तरफेसारखी फिरू बघते. पुढचा बोल्ट खाली ओढला जातो, कीलची मागची कड मात्र वर तळात घुसते. म्हणून नुसत्या पुढच्या सांध्यावरची चीर बघून भागत नाही. आत फळ्या उचलून मागच्या बोल्टच्या आसपासचे फ्लोअर (तळाला चिकटवलेल्या आडव्या फासळ्या) बघायचे, ते तळापासून सुटलेत का. बोल्टच्या वॉशरखाली गंजाचा ओघळ दिसला तर पाणी सांध्यातून वर येतंय.

मे २०१४ मध्ये चीकी रफीकी नावाची चाळीस फुटी बोट अटलांटिकमध्ये उलटली, कील तुटून गेली होती. चारही जण गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २०१५ मध्ये अहवाल दिला. कील आधी समुद्रतळाला लागल्याचे प्रसंग आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी मिळून रचना कमकुवत झाली असण्याची शक्यता त्यात मांडली आहे. वरून काही दिसत नसतानाही आतली फ्लोअरची जाळी तळापासून सुटलेली असू शकते, हा त्यातला धडा आमच्या धंद्याने घेतला. वर्ल्ड सेलिंगच्या (या खेळाच्या जागतिक संघटनेच्या) ऑफशोअर नियमांतही लांब पल्ल्याच्या वर्गांसाठी बोट पाण्याबाहेर काढून केलेली पाहणी आता २४ महिन्यांच्या आतली लागते, आणि कील लागली असेल तर त्यानंतरची.

तेव्हा दुरुस्तीचं बिल, फोटो, कुणी केली, बोल्ट उतरवले होते का, कील खाली सोडली होती का, हे सगळं एका ठिकाणी लावा. तो कागद तुमच्या कार्बन मेनपेक्षा मोलाचा आहे.

गाळरेती

इथे माझं मत वेगळं आहे. आपटल्याची गोष्ट जुनी, तीही आधीच्या मालकाची. दुरुस्ती झाली, तुम्ही त्यानंतर वर्षानुवर्षं शर्यती केल्या. जाहिरातीतच ‘कील लागली होती’ असं लिहिलं तर निम्मे लोक फोनच करणार नाहीत. घेणारा सर्व्हे करणारच आहे, तो विचारेल तेव्हा सांगा. खोटं बोलू नका, पण दारातच नकार मिळेल असंही करू नका.

तळपाहणी

गाळरेती, तुमचा हेतू वाईट नाही हे कळतं. पण व्यवहार असा चालत नाही. घेणारा येतो, बोट बघतो, त्याला आवडते, तो अनामत देतो, बोट वर काढायचे पैसे भरतो, मला बोलावतो. मी संध्याकाळी त्याला सांगतो, इथे जुनी दुरुस्ती आहे. त्या क्षणी त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, अजून काय सांगितलं नाही? मग बाकी बोट कितीही चांगली असो, तो एकतर निघून जातो नाहीतर दुरुस्तीच्या खर्चाच्या कितीतरी पट किंमत पाडून मागतो. हे मी वारंवार पाहिलं आहे. तेच पहिल्या दिवशी बिल आणि फोटोसकट समोर आलं की माझं काम नुसतं पडताळणीचं उरतं.

आणि व्यवहारापलीकडचंही आहे. त्या बोटीवर उद्या सात-आठ माणसं रात्री समुद्रात असतील. त्यांना कील कधी लागली होती हे माहीत असणं हा त्यांचा हक्क आहे.

वाऱ्यावर

तळपाहणी यांच्याशी पूर्ण सहमत. मी स्वतः अशी माहिती वाचून बोट घेतलेला माणूस आहे.

मरीन_ताई

मी नुकतीच वापरलेली रेसर घेतली, तेव्हा घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

बऱ्याच बोटी पाहिल्या. सगळ्यांकडे सामानाची यादी होती, काहींकडे दोन-दोन पानी. मी शेवटी जी घेतली तिची यादी सगळ्यांत लहान होती. पण मालकाने एक वही समोर ठेवली. त्यात डोलकाठीचा रेक (मागे झुकाव), हलक्या, मध्यम आणि जोराच्या वाऱ्यात प्रत्येक श्राउडचे (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेचे) किती आटे, टेन्शन गेजवरचं वाचन, जिबच्या कारची (शीटच्या सरकत्या कडीची) भोकं, बॅकस्टेवरच्या (डोलकाठीच्या मागच्या तारेवरच्या) खुणा, कोणत्या वाऱ्यात कोणतं जिब उतरवायचं. बीटिंगला सहा नॉट वाऱ्यात किती वेग मिळायला हवा, दहात किती, चौदात किती. पानापानावर तारखा आणि खोडलेले आकडे.

नवी बोट घेतली की साधारण दोन हंगाम हेच शोधण्यात जातात. त्याने ते मला आयतं दिलं. पहिल्याच महिन्यात आम्ही ताफ्याच्या मधे होतो, शेवटी नाही. म्हणून धागाकर्त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे, तुमच्याकडे असं काही असेल तर ते सामानाच्या यादीत सगळ्यांत वर लिहा. शिडं दोन-तीन वर्षांत जातात, स्क्रीन बंद पडतात. ही माहिती राहते.

उपकरणांबद्दल एक. ‘पूर्ण इलेक्ट्रॉनिक्स’ असं लिहिलेल्या बोटींवर जाऊन पाहिलं की निम्मी उपकरणं एकमेकांशी बोलतच नाहीत. जुनी एनएमईए ०१८३ या जोडणीवर, नवी एनएमईए २००० वर, मधला कनव्हर्टर मेलेला. कोणतं उपकरण कोणत्या जाळ्यावर आहे याचं एक हातानं काढलेलं चित्र द्या. वाऱ्याचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी केलं तेही. दोन्ही टॅकवर (वारा डावीकडून आणि उजवीकडून घेताना) खरा वारा वेगळा दाखवत असेल तर ते उपकरण शर्यतीत दिशाभूलच करतं.

उत्तरवारा

मरीन_ताई, वही आहे! एकापेक्षा जास्त आहेत. मेन-ट्रिमर (मेन शीड सांभाळणारा) फार काटेकोर होता, प्रत्येक शर्यतीनंतर लिहायचा. ते कुणाला हवं असेल असं मनातच आलं नव्हतं. सगळं स्कॅन करून देतो, आणि मूळ वह्याही बोटीसोबतच जातील. त्याला विचारलं, तो म्हणाला खुशाल द्या, आणि नवा मालक बोलावेल तर पहिले काही दिवस येऊन दाखवीनही.

मरीन_ताई

हे जाहिरातीत लिहा! जुन्या क्रूपैकी एक जण बोट दाखवायला येणार, याहून मोठं आमिष दुसरं नाही.

मापपट्टी

मोजमापाच्या बाजूने थोडं.

तुमची बोट वन-डिझाइन (सगळ्या बोटी एकसारख्या असा वर्ग) नाही, हँडिकॅपमध्ये (वेगवेगळ्या बोटींच्या वेळा रेटिंगने जुळवून) पळते. दोन्हींची विक्री वेगळी असते. जे/२४ चं उदाहरण घ्या. १९७७ पासून पाच हजारांहून जास्त बनल्या. तिथे घेणारा वर्गाच्या आतलाच असतो, त्याला बोट पाठ असते, तो फक्त कील आणि सुकाणूचा आकार नियमात आहे का, वजन किमान मर्यादेच्या किती जवळ आहे, गाभा कोरडा आहे का, एवढंच विचारतो. वर्गाच्या संघटनेच्या पानावर चार ओळी टाकल्या की पुरतं. हँडिकॅपच्या बोटीला तसा तयार गोतावळा नसतो. तिचं रेटिंग हीच तिची ओळख.

नवा मालक त्याच्या नावाने नवं प्रमाणपत्र काढेल. पण तुमच्या प्रमाणपत्रावरचे मोजलेले आकडे, वजन, शिडांची मापं, पोलची लांबी, त्याच्या फार कामाचे. प्रत द्या. गेल्या काही वर्षांची सगळी प्रमाणपत्रं द्या, म्हणजे टीसीसी (आयआरसी रेटिंगचा आकडा) कुठे आणि का बदलला ते दिसेल. मोठा स्पिनेकर लावला म्हणून वाढला, की प्रोपेलर बदलला म्हणून.

आयआरसीचं सूत्र जाहीर नाही. त्यामुळे त्या आकड्यावरून बोट कोणत्या वाऱ्यात चांगली पळते हे कळत नाही. ओआरसी या दुसऱ्या रेटिंग पद्धतीचं तसं नाही, त्यांचं वेग-भाकीत उघड आहे, प्रमाणपत्रावर वेगवेगळ्या वाऱ्यांत दर सागरी मैलाला किती वेळ लागेल ते छापून येतं. तुमच्या डिझाइनचं कुणाचं ओआरसी प्रमाणपत्र मिळालं तर ते बघून जाहिरातीत एक वाक्य टाका. बोट हलक्या वाऱ्याची आहे की जोराच्या. जिथे नेहमी मंद वारा असतो तिथल्या माणसाने जड बोट घेऊन निराश होऊ नये. तुम्हाला ती शर्यतीतच राहायला हवी आहे ना, मग योग्य पाण्यात गेली पाहिजे.

निकालांबद्दल : जिंकलेल्या शर्यतींची यादी लहान ठेवा. ट्रॉफी क्रूने जिंकलेल्या असतात हे घेणाऱ्याला माहीत असतं.

दीपगृह

कागद आणि सुरक्षा. हे कंटाळवाणं वाटेल, पण बोटी इथेच अडकतात.

ईपर्बची नोंद तुमच्या नावावर, तुमच्या फोन नंबरवर आहे. नोंद न बदलता बोट विकलीत आणि तो कधी सुरू झाला, तर बचाव केंद्र तुम्हाला फोन करेल आणि खऱ्या बोटीवरच्या माणसांचा मौल्यवान वेळ जाईल. ताबा देण्याच्या दिवशीच नोंद बदला. एआयएस आणि व्हीएचएफमधल्या एमएमएसआय (रेडिओसाठी बोटीच्या ओळखीच्या) क्रमांकाचंही तेच. बऱ्याच एआयएस संचात तो वापरणाऱ्याला बदलता येत नाही, विक्रेत्याकडे द्यावा लागतो. तेव्हा आधीच चौकशी करा.

लाइफराफ्टची सर्व्हिस उलटून गेली असेल तर ‘लाइफराफ्ट आहे’ असं लिहू नका, ‘लाइफराफ्ट आहे, सर्व्हिस अमुक तारखेला संपली’ असं लिहा. फ्लेअरच्या तारखाही. मुदत संपलेली सुरक्षा सामग्री ही नव्या मालकावर टाकलेली विल्हेवाटीची जबाबदारी असते.

सेलड्राइव्ह असेल तर तळातल्या रबरी पडद्याची तारीख शोधा. व्होल्वो पेंटा सात वर्षांनी बदलायला सांगते. बिल नसेल तर घेणारा न बदललेलाच धरणार, आणि त्याचं बरोबर आहे, कारण तो फाटला तर इंजिनाखालून समुद्र आत येतो.

हलच्या मागच्या कोपऱ्यावरचा ओळख क्रमांक कागदांवरच्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळतो का बघा. बोटीवर कर्ज होतं का, फिटल्याचा दाखला आहे का? अनेक ठिकाणी कर्जाचा बोजा माणसावर नाही, बोटीवरच चालत राहतो.

दोरखंड

दीपगृह यांना जोडून, फसवणुकीबद्दलही सावध राहा. न बघता पूर्ण किमतीला तयार, स्वतः परदेशात, वाहतूकदार तोच पाठवणार, आणि किमतीपेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून वरची रक्कम वाहतूकदाराला द्या म्हणणारा, असा माणूस हमखास येतो. चेक नंतर परत फिरतो आणि तुम्ही दिलेले पैसे गेलेले असतात. पैसे खात्यात पक्के झाल्याशिवाय ताबा नाही, कागदावर सही नाही.

उत्तरवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलेलं असं : सर्व्हे मी आधी करत नाही. घेणारा स्वतःचा सर्व्हेअर आणणारच. पण बोट वर काढून, तळ धुवून, कीलच्या सांध्याचे आणि आतल्या फ्लोअरचे फोटो काढतो, जुन्या दुरुस्तीच्या फोटोंशेजारी लावतो. शिडं सगळी बोटीसोबतच जातील. हे बरोबर वाटतंय ना? आणि एक राहिलं, सागरी चाचणीला काय काय दाखवू?

तळपाहणी

बरोबर आहे. विकणाऱ्याने केलेल्या सर्व्हेवर घेणारा फार विसंबत नाही. फक्त बोट वर काढल्यावर ओलावा मोजायची घाई करू नका. नुकतंच पाण्याबाहेर काढलेलं कवच आणि तळाला लावलेला तांबं असलेला रंग, दोन्हींमुळे मीटर भलतंच दाखवतं. डेकवर मात्र आत्ताच करून बघता येईल. प्लॅस्टिकच्या हातोडीने स्टँचिऑनच्या (कठड्याच्या खांबांच्या) पायांभोवती, चेनप्लेटशी (रिगिंग बोटीला जिथे बांधतात तिथे), विंचखाली ठोका. टणक आवाज आला तर बाल्सा कोरडा. बसका, मेलेला आवाज आला तर तिथे पाणी गेलंय. जागा खडूने आखा आणि फोटो काढा.

वाऱ्यावर

चाचणीसाठी : इंजिन आधी सुरू करून ठेवू नका. घेणाऱ्याला थंड इंजिन सुरू होताना बघायचं असतं, धूर कोणत्या रंगाचा ते त्यालाच बघू द्या. तुमची तीन-चार ओळखीची माणसं घ्या, सगळी नकोत. नाहीतर घेणारा आपल्याच बोटीवर पाहुणा होतो. सुकाणू लवकर त्याच्या हाती द्या आणि शक्यतो गप्प राहा. बीटिंगला एक लांब टॅक, मग उलट टॅक, मग वारा परवानगी देईल तर स्पिनेकर. जोराचा वारा असेल तर चाचणी पुढे ढकला. तुमचा विमा चाचणीच्या वेळी परक्या माणसाच्या हातातल्या सुकाणूला लागू आहे का, हे आधी लेखी विचारून घ्या.

गाळरेती

वरची चर्चा वाचली. तळपाहणी यांचा रात्रीच्या समुद्राचा मुद्दा मला मान्य आहे. त्या नजरेनं मी बघितलं नव्हतं. जाहिरातीत लिहाच, आणि त्याच वाक्यात दुरुस्तीचे फोटो आहेत असंही लिहा.

सुट्या विक्रीवरही सांगतो, कारण मी दोन्ही प्रकार केलेत. एक अपवाद सोडून सगळं सोबत द्या. नवी, न वापरलेली, प्रमाणित वन-डिझाइन शिडं असतील तर ती वर्गात वेगळी जास्त किमतीला जातात. तुमच्याकडे तसं नाही. तुमचं कार्बन मेन दुसऱ्या कुठल्या डोलकाठीवर बसणारही नाही. ते काढून घेतलंत तर नव्या मालकाला बोट पळवताच येणार नाही. पहिल्या शनिवारी बोट शर्यतीच्या रेषेवर उभी राहिली पाहिजे. तेवढं सामान सोबत असलंच पाहिजे.

उत्तरवारा

मसुदा टाकतोय. कृपया निर्दयपणे वाचा.

«३६ फुटी रेसिंग स्लूप विकणे आहे. शर्यतीत नियमित, दरवर्षी मोजलेली. मध्यम ते जोराच्या वाऱ्यात सरस, सहा नॉटच्या खाली जड वाटते. आधीच्या मालकाच्या काळात कील वाळूला लागली होती. कील उतरवून फ्लोअर नव्याने लॅमिनेट केले, तेव्हाची बिलं, फोटो आणि आत्ताचे फोटो सोबत. रॉड रिगिंग तपासलेलं, पण लवकरच बदलायला येईल, किंमत ते धरून ठेवली आहे. शर्यतीची शिडं : एक कार्बन मेन, चार जिब, तीन स्पिनेकर, प्रत्येकाची माहिती आणि चढवलेला फोटो खाली. सरावाची शिडं वेगळी, त्यांची किंमत धरलेली नाही. उपकरणांच्या जोडणीचं चित्र आहे. ट्यूनिंगच्या सगळ्या वह्या आणि वेगाचे तक्ते बोटीसोबत मिळतील. जुना मेन-ट्रिमर पहिले काही दिवस सोबत यायला तयार आहे. लाइफराफ्टची सर्व्हिस संपलेली आहे. डेकवर डाव्या बाजूला एका स्टँचिऑनपाशी गाभा ओला असल्याचा संशय, जागा फोटोत दाखवली आहे. शर्यतीत राहील अशा माणसाला प्राधान्य.»

स्टँचिऑनचं आजच ठोकून बघितलं, तळपाहणी. डाव्या बाजूचा मागून दुसरा. आवाज बसका आहे, साधारण तळहाताएवढी जागा.

तळपाहणी

तळहाताएवढी म्हणजे लवकर सापडली. स्टँचिऑन काढून गाभा कोरून, वाळवून, इपॉक्सी भरून पुन्हा बसवणं हे लहान काम आहे. स्वतः करू नका, झाकल्यासारखं दिसेल. घेणाऱ्याला दाखवा.

शिवणटाका

मसुदा चांगला आहे. चार जिबांचे वाऱ्याचे पट्टे लिहा, जे-१ (सगळ्यांत मोठं जिब) किती नॉटपर्यंत, जे-२ कुठून कुठे. वहीत असतीलच.

मापपट्टी

शेवटचं वाक्य ठेवाच. आणि वजन राहिलंय. प्रमाणपत्रावरचं मोजलेलं वजन आणि ड्राफ्ट (बोट पाण्यात किती खोल जाते ते) दोन्ही घाला. क्रेनवाला, ट्रेलरवाला आणि बंदरातला माणूस, तिघंही पहिला प्रश्न तोच विचारतात.

उत्तरवारा

घातलं. जिबांचे पट्टेही. कीलचे फोटो सोमवारी बोट वर काढली की चढवतो, मग जाहिरात टाकतो आणि इथे कळवतो.